वनमालाबाईंचा दहावा

सिस्टर ब्रिजिता गाडी फार वाईट चालवायची. हे मी तिच्या माघारी बोलत नाही, तोंडावर हजारदा बोलले आहे. सिरसाळ्याच्या बाजारात तिची पांढरी ओम्नी शिरली की भाजीवाल्या आधी आपापल्या पाट्या मागे ओढायच्या आणि मग "या शिष्टर" म्हणायच्या. मी शेजारी बसून जपमाळेचे मणी ओढत असायची. ती म्हणायची, "बघ एलिझा, माझ्यामुळे तुझी प्रार्थना तरी वाढते."

रोज सकाळी आसपासच्या वस्त्यांवरून ती मुलं गोळा करून आणायची. कुणाला बोलता येत नसे, कुणाला चालता येत नसे, कुणाचं अंग वाढलं होतं आणि समज मागेच राहिली होती. आमच्या घराच्या मागच्या खोल्यांत त्यांचं केंद्र होतं. ब्रिजिता त्यांना शिकवायची, न्हाऊ घालायची, त्यांच्या आयांची गाऱ्हाणी ऐकायची. मी स्वयंपाक करायची आणि ओरडायची. घरात सिस्टर अशा आम्ही दोघीच उरलो होतो. पूर्वी घर भरलेलं असायचं. पण नव्या मुली मठात यायच्या बंद झाल्या, म्हाताऱ्या एकेक करून देवाघरी गेल्या, आणि राहिलो आम्ही, गुडघ्यांनी संप पुकारलेल्या दोघी.

ब्रिजिता वसईची. समुद्र बघत वाढलेली बाई या कोरड्या रानात आली आणि इथलीच झाली. मी अंबडकडची, म्हणजे मी जन्मानंच इथली. पण गावाचा जीव तिच्यावर. लोक माझ्याकडे औषध मागायला यायचे आणि तिच्याकडे रडायला. याचा मला कधीकधी रागही यायचा, खोटं कशाला बोलू.

केंद्रातली सगळ्यात थोरली सायली. विशी ओलांडलेली, पण चार वर्षांच्या पोरीइतकी समज. वनमालाबाईंची ती एकुलती एक. नवरा कधीच वारला होता. वनमालाबाई शेतात राबायच्या, दीर-जावेच्या शेजारच्याच दोन खोल्यांत राहायच्या आणि सायलीची वेणीफणी अशी करायच्या की बघत राहावं. पोरीच्या अंगावर कधी मळका कपडा दिसला नाही. "मला येकच हाय," म्हणायच्या, "पर ती जल्मभर लहान राहनार. मंजी माझं लेकरू मोटं होऊन मला सोडून जानार न्हाई." दुःखाला असं वळण देणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

त्यांच्या किडन्या गेल्या. ब्रिजितानं त्यांना ओम्नीत घालून बीडला किती खेपा मारल्या, त्याची गणती नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. मग ती रोज दुपारी मुलांना सोडून परस्पर त्यांच्याकडे जायची. अंग पुसायची, पाय चोळायची, कूस बदलून द्यायची. भिंतीवर खंडोबाची तसबीर आणि खाली ब्रिजिता जपमाळ घेऊन बसलेली. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, खंडोबालाही वाटलं नसावं.

त्याच दिवसांत, आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू असताना, मदर प्रोव्हिन्शियलचा फोन आला. आमच्या साऱ्या मठांच्या त्या प्रमुख. जूनमध्ये हे घर बंद करायचं ठरलंय, त्या म्हणाल्या. ब्रिजितानं गुजरातेत डांगला जायचं आणि मी नगरच्या मोठ्या घरी, विश्रांतीला. म्हाताऱ्या बैलाला दावणीला बांधताना म्हणतात तसं 'विश्रांतीला'. आणि एक, वरून रीतसर जाहीर होईपर्यंत बाहेर कुणाशी बोलायचं नाही. ही आमच्याकडची जुनी रीत आहे. आधी कळलं की गाव गोळा होतं, रडारड होते, मन मागे फिरतं. म्हणून बदली ओठात ठेवायची.

ब्रिजितानं एक वर्ष मागितलं. मदर म्हणाल्या, "ब्रिजिता, मी तरी काय करू? माणसंच नाहीत गं." त्यांचाही आवाज बसलेला होता. चूक कुणाचीच नव्हती, म्हणून तर राग काढायला जागा नव्हती.

त्यानंतरच्या एका दुपारी मी वनमालाबाईंना पेज घेऊन गेले होते. ब्रिजिता त्यांचे पाय चोळत होती. सुजून पाय टम्म झाले होते. सायली कोपऱ्यात शेंगा फोडत बसलेली.

"शिष्टर," वनमालाबाई म्हणाल्या, "माझ्या माघारी सायलीचं काय वं?"

"देव आहे, वनमालाबाई."

"देवाचं मला म्हाईत हाय. तुमचं सांगा."

ब्रिजिता पाय चोळत राहिली. वनमालाबाईंनी पुन्हा विचारलं नाही, पण नजर तिच्यावरून काढलीही नाही. मी पेजेचं भांडं पुढं केलं, त्यांनी तोंड फिरवलं.

येताना ब्रिजितानं रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडली. मी चिडले. "हो म्हणायचं होतंस! मरणाऱ्या बाईला हो म्हणायला काय जातं?"

"उद्या वर भेटेल ती. तेव्हा काय तोंड दाखवू?"

"मग नाही म्हणायचं होतंस."

"नाही म्हणायची मला परवानगी नाही, एलिझा."

आज्ञापालनाचं व्रत मीही घेतलेलं आहे. घेतलं तेव्हा वाटलं होतं, आज्ञा पाळायला जड जाईल ते कष्टांमुळे. असल्या जागी येऊन अडेल हे कुणी सांगितलं नव्हतं.

ईस्टर झाला आणि वनमालाबाई गेल्या. उत्तर न मिळताच गेल्या.

मुलगा नाही, म्हणून दिरानं अग्नी दिला. हे दीर म्हणजे बद्रीनाथ. गावात कुणाचंही काही असो, पुढारपण यांचं. वाईट माणूस म्हणता यायचं नाही, पण शब्द द्यायला त्यांना दम लागत नाही आणि शब्द दिला होता हे आठवायला फार लागतो. त्यांच्या बायको गीताबाई त्यांच्या उलट. कमी बोलणार, दिवसभर राबणार.

दहाव्याला आम्ही दोघी गेलो. नदी म्हणजे नुसती वाळू आणि एका बाजूला कमरेइतकं पाणी. वाळूवर पिंड ठेवला होता. शेजारी पत्रावळीवर वनमालाबाईंच्या आवडीचं, शेंगदाण्याची पोळी आणि वांग्याचं भरीत. लोक लांब सरकून बसले. पलीकडे बाभळीवर कावळे होते, चांगले दहा-बारा.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. कावळा पिंडाला शिवला की मेलेलं माणूस सुटलं. नाही शिवला तर त्याचा जीव कशात तरी अडकलाय. मग घरचे एकेक जण पुढं होऊन वचन देतात, तुझं अमुक करू, तमुक करू. ज्यात जीव अडकला असेल ते बोललं गेलं की कावळा येतो. आमच्या अंबडच्या गल्लीत शेजारी असे वाट बघत बसायचे. माझी आई म्हणायची, आपल्यात असलं काही नसतं. म्हणायची आणि मग कावळा आला का ते विचारून यायला मलाच पिटाळायची.

कावळे काही हलेनात.

बद्रीनाथ तुळतुळीत डोक्यानं उठले. हात जोडून म्हणाले, "वैनी, तुमचं वरीसश्राद्ध थाटात करू." काही नाही. "शेतात तुमच्या नावानं झाड लावू." काही नाही. लोक चुळबुळायला लागले. ऊन चढलं होतं. मग ते जरा थांबले आणि म्हणाले, "सायलीला आमी फुलावानी सांभाळू, वैनी. काळजी करू नका."

बाभळीवरून एक कावळा उडाला आणि लांब निघून गेला. कावळ्यांनाही बद्रीनाथ ठाऊक असावेत.

गीताबाई पुढं झाल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. त्याही डोळे पुसत मागे आल्या. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. खरा कावळा आलाच नाही तर शेवटी दर्भाचा करून शिववतात, पण त्यात कुणाचं मन भरत नाही. तेवढ्यात भिवराबाई उठल्या. गावातली सगळ्यात वडीलधारी बाई, त्यांचा शब्द गुरुजीही मोडत नाहीत.

"थांबा," त्या म्हणाल्या. "तिचा जीव कुटं आडकलाय ते समद्यास्नी ठावं हाय. शिष्टरला फुडं येऊ द्या."

साऱ्या माना आमच्याकडे वळल्या.

"शिष्टर, तुमी सांगा तिला. 'सायलीला मी बघते' येवडंच म्हना. तुमचं ती ऐकंल. तुमी कदी खोटं बोलत न्हाई."

सायली ब्रिजिताच्या पदराचं टोक धरून बसली होती. कावळ्याच्या रूपानं आई जेवायला येणार, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून ती अगदी शहाण्यासारखी बसली होती. ब्रिजितानं हळूच पदर सोडवून घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या गर्दीत खरं काय ते मला एकटीला माहीत होतं. आणि मी, उभा जन्म व्रतस्थ राहिलेली बाई, मनातल्या मनात देवाला विनवत होते की हिला आज एकदा खोटं बोलू दे. एवढी माणसं आस लावून बसलीत. जून यायला अवकाश आहे, तोवर काहीतरी निघेल. बोल गं बाई, एकदा बोलून टाक.

ती चपला काढून तापल्या वाळूत गेली. वनमालाबाईंच्या खाटेशेजारी बसायची तशी पिंडाजवळ उकिडवी बसली. आवाज मोठा नव्हता, पण इतकं चिडीचूप झालं होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

"वनमालाबाई, तुम्ही मला विचारलं होतं, आणि मी उत्तर दिलं नाही. ते आता देते. मी सायलीला सांभाळू शकणार नाही. जूनमध्ये आमचं घर बंद होतंय. मला लांब पाठवताहेत. मला इथंच राहायचं होतं. मी विचारून बघितलं, नाही म्हणाले. माझ्या हातात काही नाही, वनमालाबाई. मला माफ करा."

क्षणभर कुणाला अर्थच लागला नाही. मग बायकांत कुजबुज उठली. "घर बंद? कावून? कोन म्हनलं?" केंद्रात येणाऱ्या एका मुलाची आई मोठ्यानं रडायला लागली. बद्रीनाथ काहीतरी बोलायला उठले.

आणि कावळा आला. सरळ बाभळीवरून उतरला, दोन उड्या मारल्या आणि पिंडाला चोच लावली. ब्रिजिता अजून तिथंच बसलेली होती, हातभर अंतरावर. त्यानं तिच्याकडे लक्षही दिलं नाही. त्याच्या मागोमाग बाकीचे उतरले.

"शिवला! शिवला!" सगळी माणसं उठून उभी राहिली. भिवराबाईंनी कपाळाशी हात जोडले. "तिला जबाब पायजे व्हता. भेटला. सुटली बिचारी."

सायली टाळ्या पिटत होती. "आई जेवली! आई जेवली!"

मी ब्रिजिताकडे गेले. ती त्या कावळ्यांकडे अशी बघत होती की मला भीती वाटली. तोवर पुरुष अंघोळीला पाण्याकडे निघाले होते, बायका भांडी गोळा करत होत्या. सगळ्यांचे चेहरे मोकळे झाले होते. बद्रीनाथ तर म्हणालेही, "चला, आता कुनाचं काई राह्यलं न्हाई." मला तेव्हा लख्ख कळलं. कावळा शिवत नव्हता तोवर सायली साऱ्या गावावर होती. तो शिवला आणि सगळे सुटले. वनमालाबाई एकट्याच सुटल्या नव्हत्या.

गाडीत ब्रिजिता म्हणाली, "एलिझा, तिनं मला माफ केलं, की माझी आशा सोडली?"

"कावळा होता तो. भूक लागली असेल."

"तू अंबडची असून असं बोलतेस?"

"मी ख्रिस्ती आहे."

"मीही आहे," ती म्हणाली.



मग गाव यायचं ते आलं, बसलं, चहा प्यालं, रडलं. कुणी म्हणालं बीडला जाऊन कलेक्टरला निवेदन देऊ. कलेक्टरचा आणि आमच्या मदरचा काही संबंध नाही, हे समजावून सांगता सांगता माझा घसा बसला. मदरचाही फोन आला. बाहेर बोललीस म्हणून त्या ब्रिजिताला रागावल्या नाहीत. "बरं केलंस," असंही म्हणाल्या नाहीत.

सायलीला नगरच्या एका संस्थेत घेतील का, म्हणून ब्रिजितानं खटपट केली. ते घ्यायला तयार होते. बद्रीनाथ तयार झाले नाहीत. "घरची लेक आश्रमात टाकली म्हनून लोक तोंडात शेन घालतील, शिष्टर." गीताबाई आम्हाला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "मी काय राक्षीन हाय का? दोन घास घालीन, न्हाऊ घालीन. पर तुमच्यावानी तिच्यासंगं बोलत बसायला मला टाइम कुटला?" त्या बाईवर मला रागावता आलं नाही. खरं तेच बोलत होत्या.

निघायच्या आधी आठवडाभर ब्रिजिता सायलीला रोज समजावत होती. "सायली, सिस्टर गावाला जाणार. सिस्टर आता येणार नाही. तू काकूजवळ राहायचं."

"मी पन," सायली म्हणायची.

"नाही बाळा. सिस्टर एकटी जाणार."

"मी पन."

जूनमध्ये एका सकाळी आम्ही ओम्नीत बोचकी भरली, घराला कुलूप घातलं आणि निरोप घ्यायला बद्रीनाथांच्या दाराशी थांबलो. गाडीचा आवाज ऐकून सायली धावतच आली आणि दार उघडून आत चढून बसली. रोज बसायची तशी. सीटवरचं बोचकं उचलून मांडीवर घेतलं.

गीताबाई म्हणाल्या, "उतर गं बाई." ती उतरेना. त्यांनी दंड धरून ओढलं तेव्हा ती किंचाळायला लागली. सीटला अशी मिठी मारली की दोघी-तिघी बायकांनाही सोडवेना. शेजारीपाजारी जमले. बद्रीनाथ ओरडले, त्यानं ती आणखी बिथरली. तिच्या ओठातून रक्त आलं. मी खाली उतरून नुसती उभी होते.

ब्रिजिता पलीकडून फिरून आली. सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. सायलीचं तोंड पदरानं पुसलं, तिच्या कपाळावरचे केस मागे सारले.

"सायली," ती म्हणाली, "उतर बाळा. मी उद्या येते."

सायली रडायची थांबली. तिनं ब्रिजिताकडे नीट पाहिलं. "उद्या?"

"उद्या."

सायली लगेच उतरली. मांडीवरचं बोचकं तिनं जपून जागेवर ठेवलं, आणि गाडी निघाली तशी हसून हात हलवला. सिस्टर उद्या येते म्हणाली की येते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. आजवर कधी त्यात चूक झाली नव्हती.

वाटेत बीडला बसस्टँडजवळ चहाला थांबलो. ब्रिजितानं कप हातात घेतला आणि निवेपर्यंत तसाच धरून बसली. मेलेल्या बाईशी खोटं बोलायला जी तयार झाली नाही, तिला जिवंत पोरीशी बोलावं लागलं. मी एरवी तिला चार शब्द सुनावले असते. तेव्हा नुसता तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरच्या घरी प्रार्थना आटोपून आम्ही चॅपेलबाहेर आलो, तेव्हा ब्रिजिताचा फोन वाजला. गीताबाई होत्या. त्या फोनवर मोठ्यानं बोलतात, मलाही ऐकू येत होतं.

"शिष्टर, ही कवाची वट्ट्यावर बसलीय. येनी घालून, नवा झगा घालून. भाकर खाईना, घरात येईना. गाडी येनार म्हनती. काय सांगू वं तिला?"

ब्रिजिता फोन कानाला लावून नुसतीच उभी राहिली. पलीकडून "हॅलो, हॅलो" चाललं होतं. मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि पायरीवर खाली बसली.

गीताबाईंनी पुन्हा विचारलं, "शिष्टर, काय सांगू?"

मी ब्रिजिताकडे पाहिलं. तिनं मान वर केली नाही.

"सांगा," मी म्हणाले, "उद्या येणार आहेत."